शनिवारचं ऑइल

आमच्या व्हॅनचं ऑइल मी घरी बदलते हे कळलं की माणसं आधी माझ्याकडं बघतात आणि मग ह्यांच्याकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. गल्ल्यावर बसल्या बसल्या आरामात सांगतात, हिच्या हाताला काम नसलं तर ही आमचंच ऑइल काढते, त्यापेक्षा गाडीचं काढलेलं बरं. गिऱ्हाईक हसतं. मलाही हसू येतं, कारण ते खरं आहे. मला बसवतच नाही. जेवतानासुद्धा माझा एक गुडघा वर असतो, कधी उठावं लागेल म्हणून. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, ही सासरी टिकली तर नवल. टिकले, पण वाढलेलं ताट कधी गरम खाल्लं नाही.

युसूफ वडगावात आमचं किराण्याचं दुकान आहे, आजेसासऱ्यांपासूनचं. पुढं दुकान, मागं घर आणि बाजूला पत्र्याचं शेड, त्यात व्हॅन. आमच्याकडं आली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. घेतली होती मालासाठी. पण सासूबाईंच्या किडन्या गेल्या आणि व्हॅनचं काम बदललं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला आत्याबाईंना घेऊन निघायचं, अंबाजोगाईला दवाखान्यात चार तास मशीनला लावायचं आणि दुपारी परत आणायचं. डायलिसिस हा शब्द त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. 'मशीनला जायचंय' म्हणायच्या, जसं काही डोक्यावर दळणाचा डबा घेऊनच निघाल्यात.

ह्यांना गाडी येते, नाही असं नाही. पण हे गाडी बैलगाडीसारखी हाकतात, आणि दुकान बंद दिसलं की गिऱ्हाईक समोरच्याकडं जातं ते पुन्हा येत नाही. म्हणून चालवायचं माझ्याकडं आलं. चाळिशी उलटल्यावर शिकले आणि दोन महिन्यांत लायसन्स काढलं. सगळा खेळ त्या व्हॅनवर होता. एसटीची पायरी आत्याबाईंना चढवत नव्हती. भाड्याची जीप सांगून ठेवली तरी ऐनवेळी ती कुणाच्या तरी वऱ्हाडाला गेलेली असायची. गाडी बंद तर मशीन चुकली, आणि मशीन चुकली की त्यांच्या अंगात पाणी भरायचं.

ते पाणी कसं भरतं ते मी एकदा बघितलंय, आणि ते माझ्याच हातानं झालं होतं. आधी ते सांगते.

ऑइल घरी बदलायचं खूळ डोक्यात शिरलं ते एका मेकॅनिकमुळं. त्यानं ऑइल बदललं म्हणून सांगितलं. मी घरी येऊन पट्टी ओढून बघितली. इंजिनात एक लोखंडी पट्टी असते, ती काढून पुसायची, परत घालायची आणि परत काढायची, मग तिच्यावरच्या खुणांवरून कळतं की ऑइल किती आहे. तर ती पट्टी डांबरासारखी काळी. नवं ऑइल काळं कसं असेल? माझं डोकं सटकलं. जाऊन त्याला चार गोष्टी सुनावल्या आणि वर म्हणाले की यापुढं माझं मी करते. म्हणाले खरं. मग घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ शोधत बसले, म्हणजे उभी राहिले.

व्हिडिओतल्या माणसाची गाडी धुतलेली, हात धुतलेले, खालची फरशीसुद्धा धुतलेली. आमच्या शेडमध्ये मुरूम. मी ह्यांचा जुना शर्ट गाऊनवर चढवला, व्हॅन दोन चाकांनी विटांवर घेतली आणि उताणी खाली सरकले. खालून बोल्ट उलटा दिसतो ही गोष्ट त्या माणसानं सांगितली नव्हती, नाहीतर सांगितली असेल आणि मी तेवढं पुढं ढकललं असेल. मला वाटलं मी बोल्ट सोडवतेय. मी तो आवळत होते. हलेना म्हणून पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि जीव खाऊन ओढला. हे वरून विचारायलेत, काय गं, निघालं का. मी म्हटलं, तुमी गिऱ्हाईक बघा.

शेवटी कळलं तेव्हा तो उलटा फिरवला, आणि निघाला तो एकदम. गरम ऑइल मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत. खाली धरायला मी घरातली कणकेची परात नेली होती, हाताला तीच सापडली. आत्याबाईंनी ती काळी परात बघितली आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ती त्यांच्या माहेरची होती हे मला चौथ्या दिवशी कळलं.

पण खरा दणका दुसऱ्या वेळेला बसला. पहिल्यांदा बोल्टमधून थेंब थेंब गळलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा मी तो पाइप लावून आवळला. आणखी थोडं, आणखी थोडं, असं करता करता तो हातात हलका झाला. आतले आटे गेले. तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी शेडमध्ये ऑइलचं थारोळं आणि गाडी जागची हलवायची सोय नाही. जीप मिळाली नाही. ह्यांनी चार ठिकाणी फोन केले, कुणी म्हणालं दुपारी बघू, कुणी म्हणालं उद्या.

शुक्रवारी सकाळी आत्याबाईंचा चेहरा ओळखू येईना. डोळे सुजेखाली गेलेले, पायाला बोट लावलं तर खड्डा तसाच राहायचा. आडवं होता येत नव्हतं, बसून बसून श्वास ओढत होत्या. मी त्यांच्या पाठीशी उशी लावली, काढली, पुन्हा लावली. पाणी मागत होत्या आणि पाणी द्यायचं नव्हतं. शेवटी एका शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवून नेलं. दवाखान्यात डॉक्टर मला रागवायला लागले, तर आत्याबाई मास्क बाजूला करून म्हणाल्या, गाडी बिघडली, ती काय करंल. बिघडवली कुणी ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

केजच्या लेथवाल्यानं नवे आटे पाडून दिले आणि सांगितलं, ताई, बोल्ट बोटानं बसवायचा, मग पान्यानं जरासा. जोर लावायचं काम न्हाई हे. कुणीही म्हटलं असतं की आता हिनं सोडावं. मी सोडलं नाही. जित्याची खोड. पुढं वर्षभर मी सगळं नीट केलं. परात गेली, त्या जागी कापलेला डबा आला. फिल्टर काढला की जुनं रबर तिथंच चिकटून राहतं, ते बोटानं चाचपून काढायचं हेही एकदा सगळं ऑइल जमिनीला पाजल्यावर शिकले. मला वाटायला लागलं की मला येतं.

आणि मग तो शनिवार आला.

आम्ही महादेवाची माणसं, सोमवार पाळणारी. शनी आमच्या देव्हाऱ्यात नाही. पण शनिवारचा धाक कुणाला सुटलाय? शनिवारी तेल आणि लोखंड घरात आणायचं नाही, हा आत्याबाईंचा कायदा. त्यात करडईचं तेल आलं, डोक्याचं आलं आणि गाडीचं ऑइलही आलं. मी वाद घालून बघितला होता, की ते जमिनीतून निघतं, त्याचा शनीशी काय संबंध. त्या म्हणाल्या, जमिनीत कोन ऱ्हातं ते तुला काय म्हाईत.  म्हणून ऑइल मी शुक्रवारी केजहून आणायचे, दुकानाचा माल भरायला जायचे तेव्हाच, आणि बदलायचे शनिवारी, कारण तोच एक दिवस मोकळा सापडायचा.

ऑइल मी सुटं घ्यायचे, पिंपातलं. डबाबंद का नाही, असं तुम्ही विचाराल. दुकानदाराच्या घरात असं विचारत नाहीत. आमच्याकडं सगळं सुटं येतं, सुटं मोजलं जातं आणि सुटं विकलं जातं. मी आमच्या दुकानातलं लिटरचं माप पिशवीत घालून न्यायचे आणि त्या ऑइलवाल्यासमोर माझ्या हातानं तीन वेळा भरून घ्यायचे. व्हॅनला तीन लिटर लागतं. ते गोड्या तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमध्ये ओतायचं आणि वर झाकण. लांबून बघितलं तर घाण्याचं तेलच वाटावं, तसाच रंग.

त्या शनिवारी दुपारी जुनं ऑइल खाली गळत होतं आणि मी गाडीखाली बोल्टचा वायसर शोधत होते. हातातून पडला होता आणि मुरमात दिसत नव्हता. त्यात दारात शनीचा तेलवाला आला. दर शनिवारी येतो. त्याच्या बादलीत लोखंडी शनी बसवलेला असतो, झेंडूची फुलं, काळं फडकं, आणि लोक त्यात तेल घालतात. तो हाळी देऊन उभा राहिला की जायचं नाव घेत नाही. दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा ओरडला. माझा वायसर सापडेना. मी खालूनच खेकसले, आत्याबाई, घाला हो त्याला तेल, जाऊ द्या एकदाचं. आत्याबाईंची पावलं शेडकडं आली, थोडी थांबली, परत गेली. बादलीत तेल पडल्याचा आवाज आला. मला काय, तो गेला हे बरं झालं. तेवढ्यात वायसरही सापडला.

त्यानंतर दुकानात गर्दी झाली. दिवस कलता कलता मी परत शेडमध्ये गेले आणि कॅनमधलं सगळं ऑइल इंजिनात रिकामं केलं. आता खरं म्हणजे दहा मिनिटं थांबून पट्टी बघायची असते. मी बघितली नाही. पट्टी कशाला बघायची? मापानं आणलेलं तीन लिटर, माझ्या हातानं मोजलेलं. दुसऱ्यानं मोजलेलं असतं तर मी दहादा बघितलं असतं. पण आमच्या घरात मापावर शंका घ्यायची पद्धतच नाही. आणि दहा मिनिटं उभं राहणं मला कधी जमलंय? कॅन जरा लवकर संपला असं वाटलं होतं. वाटलं आणि विसरले.

सोमवारी सकाळी थंडी होती. ऊसतोड चालू होती, रस्त्यावर पाचट पडलेलं. आत्याबाई माझ्या शेजारी शाल गुंडाळून, मांडीवर फाइलींची पिशवी. तीन दिवसांचं पाणी अंगात होतंच, धाप लागलेली. निम्मा रस्ता गेला आणि एका वळणावर समोरचा लाल दिवा लागला. छोट्या झारीचं चित्र असतं ना, तो. लागला आणि विझला. मी टपली मारून बघितली. पुढच्या वळणावर परत लागला, परत विझला. मी स्वतःला म्हटलं, वायर ढिली असेल. आठला मशीन होती. साडेआठपर्यंत पोचलो नाही तर दुसऱ्या पेशंटला लावतात. मी पाय दाबला. मग दिवा लागला तो विझेना, आणि खालून टकटक, टकटक, जसं कुणी आतून भांडं वाजवतंय.

गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. पट्टी ओढली. टोकाला ओल होती, बस्स.

मी रस्त्यातच आडवी पडून खाली बघितलं. थेंब नाही. बोल्ट जागेवर, फिल्टर कोरडा. मग ऑइल गेलं कुठं? माझ्या डोक्यात एकच नाव आलं. मी केजच्या ऑइलवाल्याला फोन लावला आणि नमस्कार न करता सुरू झाले, की तुमी मापात मारलं, आजारी माणसाला घेऊन आम्ही रस्त्यात अडकलोय, तुमच्या लेकराबाळांना हे पचंल का. बिचारा ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, ताई, माप तुमचं होतं, पिंपाची तोटी तुमीच सोडली, मी तर चहा पेत बसलो होतो. मी फोन कट केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला चोर सापडलेला नव्हता.

मग ह्यांना फोन. हे म्हणाले, बघतो कुणाचं वाहन मिळतंय का. ह्यांचं बघतो म्हणजे दुपार. मग दवाखान्यात फोन. मशीनवरची सिस्टर म्हणाली, नऊपर्यंत थांबते ताई, त्याच्यापुढं माझ्या हातात नाही. मी रस्त्याच्या कडेनं चालत सुटले. ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत, परत इकडं. दोन मोटारसायकली गेल्या, एक कापसाचा टेम्पो हात करूनही थांबला नाही. मी आकाशाला, रस्त्याला, त्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांना बोलून घेतलं.

आत्याबाईंनी काच खाली केली. त्यांना बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून मी जवळ गेले.

"त्या मानसाला उगंच बोललीस," त्या म्हणाल्या. "तेल मी घेतलं. तांब्याभर. शनीला वाहिलं."

मला आधी कळलंच नाही. मग वाटलं, दिसत नाही बिचारीला, करडईचं समजून घातलं असेल. तसं मी म्हणालेसुद्धा. त्या म्हणाल्या, "दिसतंय की मला. गाडीचंच हाय म्हनून घेतलं."

मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. त्या गाडीसाठी मी खाली लोळते, माझ्या नखातलं काळं जात नाही, तुमच्यासाठी सोमवार नाही बघितला आणि गुरुवार नाही बघितला, आणि तुमी त्या बादलीवाल्याला तांब्याभर ऑइल देता. असं बरंच. शेवटी म्हणाले, कावून केलं असं, एवढं तरी सांगा. आता मशीन चुकली तर तुमी मराल, आणि लोक म्हणतील सुनंनं मारलं.

आत्याबाई समोर रस्त्याकडं बघत होत्या. थांबत थांबत बोलल्या. "मागल्या हप्त्यात तू बहिनीला फोनवर म्हनलीस, माज्या मागं साडेसाती लागलीय, कदी सुटंल देव जानं. मी मोरीत होते. ऐकलं. म्हनलं, शनीचा मानूस यीलच शनवारी. घरातलं तेल वाहिलं असतं तर माजी पीडा गेली असती. मला माजी न्हाई घालवायची. तुजी घालवायची तर तुज्या कष्टाचं तेल पायजे. त्या तेलात तोंड बघून वाहायचं असतं. तुला तर बोलवता येईना, तू गाडीखाली. मंग मी माजंच तोंड बगितलं. पीडा मीच हाय की."

मी बहिणीला ते म्हणाले होते हे खरं आहे. गाडीबद्दल म्हणाले होते, की दुकानाबद्दल, की ह्यांच्याबद्दल, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. सगळ्याबद्दलच म्हणाले असेन. माणूस फोनवर काय मोजून बोलतो का? पण त्या बोलण्यात त्या नव्हत्या, असं मी त्यांना त्या रस्त्यावर सांगू शकले नाही.  मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मला घरी ने," आत्याबाई म्हणाल्या. "बास झालं आता. मशीनला जायाचं न्हाई मला."

 मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या भरून. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर पन्नाशीचा, कानाला मफलर. आधी वैतागला, मग गाडीत डोकावून बघितलं आणि खाली उतरला. मी ऑइल मागितलं. त्याला वाटलं मी डिझेल म्हणतेय. दोनदा सांगितल्यावर त्यानं सीटखालून कॅन काढला आणि म्हणाला, हे ट्रॅक्टरचं हाय, जाड हाय, पन अंबाजोगाईपर्यंत चालंल, नसल्यापरीस बरं. ऑइल मागणारी बाई त्यानं पहिल्यांदा बघितली असावी, कारण पट्टी मी काढली तेव्हा तो हात मागं बांधून बघत उभा राहिला.

ओतायला नरसाळं नव्हतं. आत्याबाईंच्या पिशवीत त्यांच्या छातीचा एक्स-रे होता, मोठा. मी तो गुंडाळून नळी केली आणि त्यातून ऑइल ओतलं. लिटरभर घातलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, आता तरी जरा थांबा, खाली उतरू द्या, मग बघा. मी थांबले. रस्त्याच्या कडेला, त्या अनोळखी माणसाशेजारी, हात बाजूला सोडून उभी राहिले आणि नजर कुठं ठेवावी ते कळेना. काचेतून आत्याबाई दिसत होत्या, म्हणून खाली बघत राहिले. मग पट्टी बघितली. खुणेवर होतं. गाडी चालू केली. टकटक थांबली, दिवा विझला. ट्रॅक्टरवाल्याला हात जोडले, तो गेला.

इंजिन चालू होतं आणि मी गिअर टाकत नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, "फिरव गाडी."

मला गोड बोलता येत नाही. दुसरी कुणी असती तर गळ्यात पडून रडली असती, म्हणाली असती तुमी माझ्या आईसारख्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि माझ्या तोंडून नेहमी रागच आधी निघतो.

"साडेसाती किती वर्षांची असते?" मी विचारलं.

"साडेसात."

"तुमची मशीन लागून किती झाली?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "तीन."

"मग साडेचार राहिली. तुमी माझी साडेसाती असाल तर असा. पण पुरी साडेसात वर्षं ऱ्हायचं. मदीच सोडून जायाचं न्हाई."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी चेष्टा करतेय की काय ते त्यांना कळेना, आणि मलाही कळत नव्हतं. मग त्यांनी शाल सारखी केली, पिशवी परत मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "चल मग. उशीर व्हायलाय."

पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मशीन दुसऱ्याला लागली होती. सिस्टर माझ्यावर ओरडली, मी ऐकून घेतलं. दुपारी बारा वाजता एक मशीन मोकळी झाली. तोपर्यंत आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर, आणि मी त्यांच्या शेजारी जमिनीवर. एरवी त्या चार तासांत मी अंबाजोगाईचा सगळा बाजार फिरून येते. त्या दिवशी मी उठले नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, हे डाग कसले. मी म्हटलं, ऑइलचे.  संध्याकाळी केजच्या ऑइलवाल्याला फोन करून माफी मागितली, तीही जरा घुश्शातच.

त्याला आता तीन वर्षं झाली. ऑइल मी अजून घरीच बदलते. पट्टी तीनदा बघते, आदल्या दिवशी, बदलल्यावर आणि निघायच्या आधी. ऑइलचा कॅन कपाटात कुलपात असतो. त्यावरून हे मला चिडवतात, की शनीपासून ऑइल वाचवायला कुलूप लावणारी मराठवाड्यातली पहिली बाई.

आत्याबाईंनी मात्र तो आकडा मनावर घेतला. मी रागाच्या भरात बोलले, त्यांनी तो शब्द धरून ठेवला. त्या दिवसापासून घरी ने म्हणाल्या नाहीत. सुईला स्वतःहून हात पुढं करतात. मशीनसाठी केलेली हाताची शीर दोनदा बंद पडली, दोनदा दुसरीकडं करावी लागली, एकदा तर आठ दिवस दवाखान्यात राहिल्या, पण कुरकुर नाही. बरोबरीनं मशीनला लागलेले बरेच जण गेले. सिस्टर म्हणते, मावशी, तुमची जिद्द मोठी. आणि ह्या जाता येता मला हिशोब सांगतात. चार राहिली. तीन राहिली. सुरुवातीला मला ते बरं वाटायचं. म्हातारीला धरायला काहीतरी मिळालं, असं वाटायचं.

आता बरं वाटत नाही. गेल्या सोमवारी मशीनवरून उठल्या, पदर नीट केला आणि व्हॅनकडं चालताना म्हणाल्या, "आता दीडच राहिलं गं." आवाजात सुटका होती. मी त्यांना गाडीत बसवलं आणि दार धरून तिथंच उभी राहिले. म्हटलं, आत्याबाई, ते मोजणं सोडा. साडेसाती वगैरे काही नसतं. मी आपली रागात काहीतरी बोलले. तुमी दहा वर्षं ऱ्हा, वीस वर्षं ऱ्हा, मी आणते तुमाला.

त्या हसल्या. माझा हात दारावरून बाजूला केला.

"तू ऱ्हा म्हनलीस साडेसात वर्षं," म्हणाल्या, "म्हनून तर थांबले मी."